दार उघडून खाली उतरणारा ड्रायव्हर

परवा एका मित्राने विचारलं, रेनफॉरेस्टमधे ऑफ-रोडिंगला जायचंय तर गाडी किती हॉर्सपॉवरची हवी? मी त्याला मनापासून सांगितलं, आधी चांगले गमबूट घे. कारण तिथे गाडी पार नेतो तो दर थोड्या अंतरावर दार उघडून खाली उतरणारा आणि पुढचा चिखल स्वतःच्या पायाने चाचपून येणारा ड्रायव्हर, हे माझं ठाम मत आहे.

वाळूत वेग कामी येतो, तिथली सवय घेऊन लोक जंगलात येतात आणि फसतात. इथे वर पालापाचोळ्याचा पातळ थर, त्याखाली लाल चिकणमाती, पाऊस पडला की नुसता साबण. टायरच्या खाचा एकदा भरल्या की महागडा मड टेरेन टायरपण गुळगुळीत होतो, मग माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं जागच्या जागी फिरून खोल जातात, डिफरेन्शियल (दोन चाकांच्या मधे खाली असलेला, इंजिनाची ताकद चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) जमिनीवर टेकतं आणि संपलं, आता कितीही पॉवर असली तरी उपयोग शून्य. टायरमधली हवा कमी करा, लो रेंज (वेग कमी पण जोर जास्त देणारी गिअरची सोय), दुसरा गिअर, पाय एकसारखा, आणि चाक फिरतंय पण गाडी सरकत नाहीये असं वाटलं की लगेच थांबा.

पनामा आणि कोलंबियामधल्या डॅरियन गॅपमधून 1960 साली पहिल्यांदा गाड्या पार गेल्या, एक लँड रोव्हर आणि एक जीप. 136 दिवस लागले, सरासरी वेग ताशी 201 मीटर! मला हा आकडा फार आवडतो. म्हणजे तेवढ्या वेळात माणूस पुढे चालत जाऊन, झाडी तोडून, ओढ्यावर ओंडके टाकून परत गाडीशी येतो, मग गाडी हलते. पुढे 1972 मधे ब्रिटिश मोहीम नव्या कोऱ्या रेंज रोव्हर घेऊन त्याच जंगलात शिरली, दलदलीसाठी मुद्दाम अगडबंब टायर लावले होते, आणि त्यांच्या ताणाने डिफरेन्शियलच फुटायला लागली. मोठे टायर म्हणजे सगळ्यावर औषध, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारं केबलचं यंत्र, याबद्दल मला जरा चिडूनच बोलायचंय. जंगलात लोक विंचची केबल सरळ खोडाला गुंडाळतात!! साल कापली जाते, आणि झाडाने तयार केलेलं अन्न त्या सालीच्या आतल्या थरातूनच खाली मुळांकडे जातं, तो थर गोल कापला गेला की झाड उभ्या उभ्या मरतं. रुंद पट्टा लावायला दोन मिनिटं लागतात हो. आणि इथल्या बऱ्याच झाडांची मुळं खोल नसतात, वरवर पसरलेली असतात, ओल्या जमिनीत कुजकं किंवा बारीक झाड निवडलं तर ते आपल्याच बॉनेटवर येईल. म्हणून जिवंत, जाड झाड बघायचं, पट्टा बुंध्याशी खाली बांधायचा, जड ओढ असेल तर स्नॅच ब्लॉक, म्हणजे केबल वळवून घ्यायची कप्पी, लावायचा (ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा), आणि ताणलेल्या केबलच्या रेषेत कोणालाही उभं राहू द्यायचं नाही, म्हणजे नाहीच.

नदीचं तर विचारूच नका. एकदा आम्ही काठाशी पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं, आमच्या डोक्यावर पाऊस नाही, सगळे म्हणाले चल टाक गाडी. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसाने काही न बोलता पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि बसून राहिला. अर्ध्या तासात काठी दिसेनाशी झाली, वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळत होता. त्या प्रवाहात इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली असती तर परत स्टार्ट मारणं म्हणजे कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा) वाकवून घेणं, आणि गाडीचं सोडा, माणसं वाहून गेली असती. रात्र तिथेच काढली, डास आणि जळवांसोबत. सकाळी त्याने पँट वर करून नदी पायी ओलांडली, पलीकडून हात हलवला, मग आम्ही पहिली गाडी पाण्यात घातली.