हातावरची फुली

काल सिग्नलला गाडी थांबली आणि मागच्या सीटवरची मैत्रीण म्हणाली, "बघ, आपण दिलेल्या दप्तराचं काय केलंय तिने!" काचेपलीकडे नऊ-दहा वर्षांची ती मुलगी निळे दप्तर पोटाशी अडकवून उभी होती आणि त्यातून गाड्या पुसायची फडकी काढून विकत होती. गाडीतले सगळे हळहळले. ही हळहळ दप्तरासाठी होती. या लोकांना काही देण्यात अर्थच नाही, आपण शिकायला दिलं आणि यांनी धंद्याला लावलं, असे एकाने म्हटले, दुसऱ्याने मान डोलावली, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत त्या मुलीच्या कृतघ्नपणावर आमचा खटला चालवून झालासुद्धा. माझ्या डोक्यात तेव्हापासून जी तिडीक गेली आहे, ती अजून उतरलेली नाही.

तिने त्या दप्तराचे दुसरे काय करायचे होते? ती कोणत्या शाळेत जाते, हे आम्ही वाटपाच्या दिवशी तिला विचारले नव्हते. ती शाळेत जात नसणार, हे कळायला विचारण्याचीही गरज नव्हती, कारण सकाळी अकरा वाजता ती आमच्यासमोर रांगेत उभी होती. आम्ही दप्तरे वाटली, आमच्या गटाचे नाव पट्ट्यावर छापून घेतले आणि घरी आलो. दिवसभर हातात माल धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला दोन्ही हात मोकळे ठेवणारी पिशवी मिळाली आणि तिने ती वापरली. आम्ही दिलेल्या वस्तूचा याहून शहाणा उपयोग आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता.

त्या वाटपाचा दिवस मला आता सारखा आठवतो. मुलांना आधी तासभर उन्हात उभे केले, कारण फोटो काढणारा मित्र उशिरा येणार होता. तो आल्यावर प्रत्येकाने दप्तर छातीशी धरायचे, नाव पुढे दिसेल असे धरायचे, आणि "जरा हसा रे" म्हटल्यावर हसायचे. एक लहानगा काही केल्या हसेना, तर त्याला मागच्या ओळीत ढकलले. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाचे संरक्षण करते. आमच्या स्वतःच्या घरातल्या भाच्या-पुतण्यांचा फोटो टाकण्याआधी आम्ही त्यांच्या आईवडिलांना विचारतो. या मुलांचे आईवडील रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होते आणि त्यांना विचारावे असे आमच्यातल्या एकालाही वाटले नाही.

आणि मग ती फुली. एकाच मुलाने दोनदा नेऊ नये म्हणून दप्तर दिल्यावर त्याच्या हातावर मार्करने फुली मारायची, असे ठरले होते आणि ते काम माझ्याकडे होते. मी साठ-सत्तर हातांवर फुल्या मारल्या. हीच मुलगी थोड्या वेळाने पुन्हा रांगेत आली. तिने थुंकी लावून आणि वर माती चोळून फुली पुसायचा प्रयत्न केला होता. मार्कर पक्का असल्यामुळे शाई तशीच राहिली होती आणि भोवतालची कातडी लालबुंद झाली होती. "भावाला पाहिजे, तो मालापाशी बसलाय," एवढेच ती म्हणाली. मी म्हणाले, "एकदा मिळालं ना, मग हो बाजूला." ती बाजूला झाली. तिने वाद घातला नाही, दुसऱ्यांदा विचारलेसुद्धा नाही. माल सोडून भावाला येता येत नाही, ही इतकी साधी अडचण समजून घ्यायला मला आठ दिवस आणि एक सिग्नल लागला, याची मला मनापासून लाज वाटते.

या निमित्ताने जुनेही सगळे वर आले आहे. 12 जूनला, बालमजुरीविरोधी दिनाला, मी शाळेत भाषण करून पहिले बक्षीस मिळवले होते. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक मुलगी दिवसभर तान्हे बाळ सांभाळत होती आणि तिला सगळे "मदतीला आलेली" म्हणत. मी रोज तिच्यासमोरून दप्तर घेऊन जिना उतरत असे आणि माझ्या भाषणातले मूल ते हेच, हे माझ्या ध्यानातही आले नाही. जगातून 2025 पर्यंत बालमजुरी संपवण्याचे उद्दिष्ट देशांनी मान्य केले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये अशी मुले सुमारे 13 कोटी 80 लाख होती आणि त्यांतली सुमारे 5 कोटी 40 लाख धोक्याच्या कामांत होती. वाहत्या गाड्यांमधून फडकी विकणे हे धोक्याचे काम नाही, असे ज्याला वाटते, त्याने एकदा तिथे उभे राहून पाहावे.

मला सर्वांत जास्त चीड येते ती "शहरात सगळं आहे, यांनाच नको आहे" या वाक्याची. शाळा रस्त्यापलीकडे असते, पण दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही असे कायदा सांगत असला, तरी तिथे जन्माचा दाखला मागतात, पत्ता मागतात, आणि पदपथावरून दर महिन्याला हुसकावले जाणाऱ्या घराला पत्ता कुठून येणार? दवाखाना जवळ असतो, पण तिथे बसून राहण्याइतका वेळ म्हणजे त्या दिवशीची कमाई असते. शहरांची सरासरी चांगली दिसते म्हणून तिच्याआड गरीब वस्तीतली मुले दिसेनाशी होतात, हे युनिसेफने 2012 च्या अहवालात लिहून ठेवले आहे. माझ्यासारख्या मुलांचे आकडे जमेस धरूनच ती सरासरी चांगली दिसते, हा विचार मला झोपू देत नाही.

आज सकाळी गटावर पुढच्या वाटपाची आखणी सुरू झाली आणि मार्कर कोणाकडे आहे, अशी विचारणा झाली. तो माझ्याच टेबलाच्या खणात आहे. मी कळवले की मार्कर मी आणणार नाही, फोटो काढायचे असतील तर मीही येणार नाही, आणि वस्तू वाटण्याआधी या मुलांच्या आईवडिलांशी बसून शाळेचे काय अडले आहे ते विचारू या. तासाभराने एकच उत्तर आले, "मग कोणी दोनदा नेलं तर कळणार कसं?"