एआयची कमाई आणि उजव्या सोंडेचा गणपती

पुण्यात सध्या एआय कोणाकडे नाही ते सांगा. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं. नोव्हेंबरात चॅटजीपीटी गो भारतात वर्षभरासाठी फुकट झालं आणि त्याच सुमारास जिओने जेमिनी प्रो अठरा महिन्यांसाठी वाटलं. फुकट म्हटल्यावर पुणेकर "मला काय करायचंय" असं म्हणत म्हणत घेतोच. त्यामुळे 'एआय वापरून घरबसल्या कमवा' या उद्योगाची पहिली अडचण तांत्रिक नाहीच. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्याच्याही खिशात तेच यंत्र आहे. लेख लिहून देतो म्हणावं, तर समोरचा म्हणतो, "ते आमची नातसुद्धा करते. तिसरीत आहे."

तरी लोक पैसे देतात. यंत्राने जे घोळ घातले ते निस्तरायचे देतात. हे आधी समजून घेतलं की मनस्ताप कमी होत नाही, पण कशाबद्दल करून घ्यायचा ते तरी कळतं.

बहुतेक जण सुरुवात यूट्यूबपासून करतात. चेहरा दाखवायचा नाही, आवाज आपला नाही, चित्रं आपली नाहीत, संहिता यंत्राची. बँक खातं तेवढं आपलं. आता हिशेब. जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं. ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज हा दुसरा रस्ता आहे, पण त्यावर विसंबू नये. शॉर्ट्सच्या फीडमध्ये गेलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. दहा मिनिटांचा व्हिडिओ माणूस सरासरी तीन मिनिटं सहन करतो असं धरलं, तर तो ८०,००० वेळा लावला जायला हवा. एवढे नातेवाईक कोकणस्थांत नसतात, देशस्थांतही नसतात.

शिवाय १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने आपल्या जुन्या नियमाचं नाव बदलून 'इनऑथेंटिक कंटेंट', म्हणजे अस्सल नसलेला मजकूर, असं केलं आहे. एकाच साच्यातून पाडलेले, फक्त नावं बदललेले व्हिडिओ कमाईला चालत नाहीत. 'सिंहगडाचं रहस्य', 'राजगडाचं रहस्य', 'तोरण्याचं रहस्य' अशी रांग लावणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. गडांना रहस्यं नसतात असं नाही, पण यंत्राच्या मते सगळ्या गडांचं रहस्य एकच असतं: भुयार.

संहिता यंत्राच्या आवाजात वाचून घेण्याचा खर्च अक्षरांवर असतो, आणि इथे मराठी माणूस जन्मतःच तोट्यात आहे. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो; संगणक त्यात काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं धरून पंधरा चिन्हं मोजतो आणि पंधरांचे पैसे लावतो. फुकटच्या खात्यात दहाएक मिनिटांच्या आवाजात महिन्याचा कोटा संपतो आणि बऱ्याच ठिकाणी त्या फुकटच्या आवाजाला व्यावसायिक वापराचा परवानाच नसतो, हे अटींमध्ये तळाशी लिहिलेलं असतं. पैसे भरून आवाज घेतला तरी तो १८१८ हे साल "एक हजार आठशे अठरा" असं वाचतो, जणू किराण्याचं बिल. म्हणून सनावळ्या आधी अक्षरी लिहायच्या: अठराशे अठरा. 'इ.स.', 'रु.', 'कि.मी.' हेही पूर्ण लिहायचं. चमच्यातला च आणि चारमधला च त्याला एकच वाटतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. शब्द बदलून वाक्य फिरवावं लागतं.

सर्वांत धोक्याची जागा वेगळीच आहे. इंग्रजी मजकुरावर पोसलेलं यंत्र महाराजांचा उल्लेख एकेरी करतं. नावापुढे 'महाराज' शोधून-बदलून घालता येतं, पण क्रियापदं तशीच राहतात आणि "महाराज गडावर गेला" असं वाक्य तयार होतं. पुण्यात हे वाक्य प्रसिद्ध करून झोपी जाऊ नये. शोध-बदल विसरायचा आणि ओळन् ओळ मोठ्याने वाचून गेला-गेले, त्याने-त्यांनी हाताने दुरुस्त करायचं. दहा मिनिटांच्या संहितेला, म्हणजे बाराशे-तेराशे शब्दांना, यात एक संध्याकाळ जाते. यंत्राने ती संहिता मिनिटाभरात लिहिलेली असते, ही गोष्ट त्या संध्याकाळी आठवू नये.

चित्रांचंही तेच. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. इंटरनेटवर आहेत ते फोटो दिल्ली दरवाजाचे आणि आतल्या जोत्यांचे. त्यामुळे यंत्राला पेशव्यांचा दरबार काढायला सांगितला की बाजीराव आजच्या हिरवळीवर उभे दिसतात किंवा वाड्याला दोन घुमट येतात. पगडी मागितली की राजस्थानी साफा मिळतो. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे यंत्राच्या खिजगणतीत नाही. एक मात्र मान्य करायला हवं, पुण्यात वेगळा मुद्रितशोधक ठेवावा लागत नाही. वाडा १७३० मध्ये बांधून पूर्ण झाला असं म्हणून बघा. पायाभरणी १७३० ची आणि वास्तुशांत १७३२ ची, हे सांगणाऱ्या प्रतिक्रिया व्हिडिओ संपायच्या आत येतात, आणि त्यातली एक तुमच्या शिक्षकांबद्दल असते.

एवढं होऊन पैसे सुरू झालेच, तर खात्यात १० डॉलर जमल्यावर गूगल पत्ता तपासायला पिन पाठवतं. कसा? टपालाने. कागदाच्या पाकिटातून. एआयच्या युगाची ही कमाई शेवटी पोस्टमनकाकांवर येऊन थांबते. साधं टपाल असल्याने सही लागत नाही. पाकीट सोसायटीच्या पत्रपेटीत पिझ्झाच्या पत्रकांत पडतं आणि रद्दीत जातं. पिन चार महिने चालतो. पाटीवर आजोबांचं नाव असेल तर आपल्या नावाची चिठ्ठी पेटीवर आधी चिकटवावी. मग अमेरिकेच्या करखात्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म: तो दिला नाही तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं, दिला आणि भारत-अमेरिका कर-कराराचा पर्याय निवडला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या रकमेवर १५ टक्के. म्हणजे न्यू जर्सीच्या मावसभावाने बघितलं तेवढ्यावरच. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय सुटत नाहीत.

फायव्हरसारख्या, फुटकळ कामं ऑनलाइन देणाऱ्या-घेणाऱ्या बाजाराबद्दल थोडक्यात: ५ डॉलरच्या कामात हातात ४ येतात, कारण २० टक्के त्यांचे. सगळे अर्ज यंत्राने लिहिलेले असल्याने सगळे सारखेच अदबशीर असतात. गिऱ्हाईकंही शहाणी झाली आहेत, कामाच्या तपशिलात मध्येच लिहून ठेवतात, "अर्जाच्या पहिल्या ओळीत 'केळं' हा शब्द घाला." न वाचता यंत्राकडे सोपवणारे तिथेच गळतात. पुढे परदेशातून पैसे आले की बँक 'पर्पज कोड', म्हणजे पैसे कशाचे त्याचा सांकेतिक क्रमांक, विचारते. तो आधी माहीत असलेला बरा. सॉफ्टवेअर सल्ल्याला पी०८०२ असतो. काउंटरपलीकडच्या बाईंना "एआयचं काम करतो" हे उत्तर चालत नाही. त्यांच्या यादीत तसा रकाना नाही.

माझं मत विचाराल तर कमाई गल्लीतच आहे. आणि गल्लीत भाद्रपद आहे.

मंडळाचा फ्लेक्स म्हणजे या धंद्यातली दहावीची परीक्षा. यंत्राला गणपती काढायला सांगितला की तो सुरेख काढतो आणि हात पाच काढतो. हात मोजून चार केले की सोंड उजवीकडे वळलेली सापडते. ही साधी बाब नाही. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं वेगळं. अष्टविनायकांत तसा एकटा सिद्धटेकचा. मंडळाचे अध्यक्ष चित्र बघून आधी काही बोलत नाहीत, मग घरी फोन करतात. यावर नवशिका हुशारी करतो आणि अख्खं चित्र आडवं उलटवतो. सोंड डावीकडे येते, पण आशीर्वादाचा हातही डावा होतो आणि मागचा ॐ आरशातला दिसायला लागतो. फक्त सोंडेचा भाग निवडून पुन्हा काढायला लावला तर सोंड सुधारते आणि डोळे बदलतात. त्यामुळे एकच उपाय चालतो: मंडळाच्या मूर्तीचा खरा फोटो घ्यायचा, चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूर्ती कापून वेगळ्या थरावर (लेयरवर) कुलूप लावून ठेवायची आणि यंत्राकडून केवळ मागची आरास काढून घ्यायची. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पैठणीलाही हीच युक्ती लागते. अख्खा फोटो यंत्राच्या हवाली केला की पदरावरच्या मोरांचं बदक होतं, आणि गिऱ्हाईक साडी परत घेऊन येतं.

मग आकार. यंत्राचं चित्र बहुधा १,०२४ ठिपके रुंद. फ्लेक्स दहा फुटी, म्हणजे १२० इंच. भागाकार केला की इंचाला साडेआठ ठिपके पडतात आणि बाप्पा विटांचे दिसतात. इंचाला ७२ ठिपके हवे असतील तर रुंदी ८,६४० लागते. ती आठपट वाढ यंत्राकडूनच करून घेतली तर ते मधली जागा मनाने भरतं आणि मुकुटावरचे खडे वितळतात. मूर्तीचा फोटो चांगल्या कॅमेऱ्याने काढावा, फक्त आरास वाढवावी. तिथे काय वितळलं ते दिव्यांच्या माळांत खपतं. रंगाची गाठ शेवटी पडते: पडद्यावरचा झगझगीत भगवा छपाईच्या चार शाईंत बसत नाही आणि विटकरी होऊन येतो. छपाईआधी रंग सीएमवायकेत, म्हणजे त्या चार शाईंच्या हिशेबात, बदलून पाहावा आणि हातभर तुकडा छापून घ्यावा.

अक्षरांना तर यंत्राला हातच लावू देऊ नये. 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' हे त्याने चित्रात लिहिलं की 'सार्वजनिक'चा रफार कुठे उतरेल सांगता येत नाही, आणि वर्गणीदारांच्या यादीत एका जरी कुलकर्ण्याचा 'कुलकणी' झाला तर पुढच्या वर्षीची वर्गणी गेली. चित्र कोरं काढून घ्यायचं आणि मजकूर मुक्ता किंवा बलू अशा फॉन्टमध्ये स्वतः बसवायचा. अहवाल छापायला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास गेलात आणि तिथलं काम श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत चालत असेल, तर तुमचा युनिकोड (मोबाइलवर आपण टाइप करतो तो) मजकूर तिकडे उघडल्यावर नुसते चौकोन दिसतात. मजकूर पीडीएफमध्ये फॉन्टसकट द्या, नाहीतर रूपांतर करून घ्या. रूपांतरानंतर ऱ्य आणि क्ष पुन्हा तपासा. रूपांतर करणारा "काही होत नाही हो" म्हणाला तर दोनदा तपासा.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या क्लासना प्रश्नसंच लागतात, हेही एक काम आहे. यंत्र शंभर प्रश्न क्षणात देतं. पानशेत धरण कधी फुटलं? अ) १९५९, ब) १९६१, क) जुलै १९६१, ड) यापैकी नाही. ब आणि क दोन्ही बरोबर, आणि उत्तरतालिकेत ड. शासननिर्णयांचे क्रमांक तर ते इतक्या आत्मविश्वासाने देतं की शासनालाही आपण तो काढला होता असं वाटावं. म्हणून उलटं करायचं: आधी पाठ्यपुस्तकाचं पान त्याला द्यायचं, "याबाहेरचं काही विचारू नकोस, उत्तराबरोबर मूळ वाक्य दे" असं बजावायचं आणि ती वाक्यं पानाशी ताडायची.

सगळ्यांत सुखाचं काम सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे हंगाम ठरलेला. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढताना यंत्राला कोण बोललं ते समजत नाही, कारण पार्किंगचा विषय निघाल्यावर सगळे एकदम बोलतात. सव्वा तासाच्या त्या रणधुमाळीचं ते "सदस्यांनी सविस्तर व सकारात्मक चर्चा केली" असं एका ओळीत सार काढतं. बाकी सगळीकडे ही चूक ठरली असती. सेक्रेटरींना नेमकं हेच हवं असतं. ठरावांची आकडेवारी आणि सूचक-अनुमोदकांची नावं तेवढी वहीवरून हाताने भरावीत.

जिथे काम मिळण्यासाठी आपणच पैसे भरायचे, तिथे काम नसतं. टेलिग्रामवर 'एआय ट्रेनिंग टास्क' म्हणून आधी शंभर-दीडशे रुपये खरोखर देतात, मग 'प्रीपेड टास्क' सांगून हजारो घेतात. गेले असतील तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा; वेळेत कळवलं तर रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते.

बिलाचं शेवटी सांगतो, कारण पुण्यात पैसे शेवटीच निघतात. एआय वापरलं हे लपवू नये, विचारलं तर सांगावं. पण बिलात त्याची वेगळी ओळ घातली की गिऱ्हाईक ती ओळ काट मारून परत पाठवतं. 'मुद्रितशोधन', 'मांडणी', 'मूर्तीचे छायाचित्र' असं जे हाताने केलं तेच लिहावं. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून प्रत्येकी वेगळे पैसे, हे कागदावर आधी घ्यावं, कारण तिसऱ्या फेरीत अध्यक्षांचे मेहुणे चित्र बघणार असतात. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. उरलेली "विसर्जनानंतर बघू" असं म्हणाले, तर कोणत्या वर्षीच्या, ते विचारून घ्यावं.