स्वतःचेच संशोधन दाखवले म्हणून हक्क गमवायचा?

आज वाशीतील एका पेटंट एजंटकडे भाच्याबरोबर गेलो होतो आणि तिथे जे ऐकले त्याने अजून मन अस्वस्थ आहे. भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इमारतीच्या जलवाहिनीला सेन्सर लावून पाण्याच्या आवाजावरून गळतीची जागा शोधणारी पद्धत त्याने बसवली. आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळाले, महाविद्यालयाने कौतुकाने संपूर्ण सादरीकरणाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली आणि त्याच चित्रफितीमुळे आता भारतात हे संशोधन 'नवीन' राहिलेले नाही आणि म्हणून त्याला पेटंट मिळणार नाही, असे एजंटांनी सांगितले.

हा कुठला न्याय? चोरी कोणी केलेली नाही, ज्याने घडवले त्याच्याच सादरीकरणाने त्याचा हक्क गेला. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये संशोधन जाहीर झाल्यावरही 12 महिन्यांत अर्ज करण्याची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांसाठी. महाविद्यालयाच्या सभागृहातील प्रदर्शन त्यात कुठे बसणार? अमेरिकेत मात्र संशोधकाने स्वतः माहिती जाहीर केल्यापासून एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो आणि जपाननेही 2018 मध्ये सहा महिन्यांची मुदत वाढवून एक वर्ष केली. युरोप आपल्याहूनही कठोर आहे आणि नवीनतेची तारीख निश्चित असावी लागते, हे मान्य. पण युरोपचा कठोरपणा आपल्या विद्यार्थ्यांवर लादण्याचे कारण मला दिसत नाही.

सर्वात जास्त संताप पुढच्या गोष्टीचा आला. अमेरिकेची मुदत भाच्याच्या हातात आहे, परंतु भारतात राहणाऱ्याला थेट परदेशात अर्ज करायचा तर कलम 39 नुसार आधी आपल्याच पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे जो देश त्याला पेटंट देणार नाही, त्याच देशाच्या परवानगीवाचून त्याने बाहेर जायचे नाही! शिवाय तिथल्या वकिलांचा खर्च मध्यमवर्गीय घराने कुठून करायचा?

भाच्याच्या पद्धतीत सॉफ्टवेअरही आहे, म्हणून काही जण म्हणतील की सॉफ्टवेअरला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही. कलम 3 (के) निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम वगळते, आणि ते वगळलेले बरेच आहे. पण तांत्रिक परिणाम साधणाऱ्या संशोधनाचा विचार व्हायला हवा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले आहे. भाच्याने लिहिलेल्या कोडला साहित्यकृती म्हणून कॉपीराइट आहेच, आणि कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे तो नोंदणीशिवाय परदेशातही चालतो. मात्र कॉपीराइट कोडच्या ओळी राखतो, त्यामागची पद्धत राखत नाही. तीच पद्धत दुसऱ्या कोणी वेगळ्या शब्दांत लिहिली, तर हा मुलगा काय करणार?

महाविद्यालयाचा हेतू चांगलाच होता, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मुलाच्या यशाचा आनंद जगाला दाखवावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कलम 31 ची सवलत संशोधकाच्या स्वतःच्या कोणत्याही प्रकटनाला लागू व्हायला हवी आणि त्यासाठी संसदेनेच कायदा बदलायला हवा.

तोपर्यंत ऐरोली, नेरूळ, खारघर येथील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना कळकळीची विनंती आहे. प्रदर्शनाचा फलक लावण्याआधी मुलांकडून पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज भरून घ्या. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन शुल्क 1600 रुपये आहे आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी पुढे 12 महिने मिळतात. चित्रफीत त्यानंतर खुशाल टाका.