वाचलेल्याच्या घरी कोण जातं?

मयत झालं की काय करायचं ते आमच्या गावाला पाठ आहे. शेजारणी चहाचं पातेलं घेऊन येतात, भावकी तेरा दिवस ओसरी सोडत नाही, डेअरीला दूध कोण घालणार हेसुद्धा कुणीतरी बघतं. पण जीव द्यायला निघालेला माणूस वाचून घरी आला तर? दार पुढं ओढलं जातं. "जेवणातनं बाधा झालीवती," असं घरचे सांगतात, गाव मान डोलावतं आणि पारावर खरी हकीकत चघळतं.

तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ असाच घरी आला. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. आठ दिवस दवाखान्यात होता. पोलिसांनी जबाब घेतला, आम्ही बिल भरलं, डिस्चार्ज कार्ड मिळालं. मी ते उलटंपालटं करून वाचलं. गोळ्या, पथ्य, 'सात दिवसांनी दाखवणे'. मनाबद्दल एक अक्षर नाही.

घरी काका बोलेनात. वहिनी रात्रभर जागी. आत्या आली ती "पोरांचा तरी विचार करायचास" एवढं ऐकवून गेली. माझंही सांगतो, मी दोन आठवडे फोन केला नाही. काय बोलावं सुचेना.

आले ते फक्त डेअरीवाले अण्णा. पहिल्या संध्याकाळी बारा-तेराचा पाना मागायला. दुसऱ्या दिवशी आणखी कशाला तरी. "जेवलास का रं?" म्हणायचे, दहा मिनिटं टेकायचे, जायचे. एकदा मी तिथंच होतो. अण्णांनी सरळ विचारलं, "परत तसलं मनात येतंय का?" आम्ही गार पडलो. भाऊ म्हणाला, "येतंय. रात्री जास्त." अण्णांनी उपदेशाचा शब्द काढला नाही. फवारणीची औषधं त्याच रात्री स्वतःकडं नेऊन कुलपात ठेवली आणि सकाळी त्याला गाडीवर बसवून सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. विचारल्यानं तसले विचार डोक्यात शिरतात, हा निव्वळ गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी जवळपास हेच करून पाहिलंय, हे अण्णांच्या गावीही नव्हतं. दवाखान्यातून सोडताना तासभर बोलणं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या भेटी लागोपाठ, कारण घरी परतल्यानंतरचे आठवडेच सगळ्यात धोक्याचे. 2008 साली निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्यांत दीड वर्षात हजारी बावीस जणांनी आत्महत्या केली. ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांच्यात हजारी दोन.

बाळ जन्मलं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, अशा 42 दिवसांत सहा फेऱ्या घरी मारतात. मरणाच्या दारातून परतलेल्यासाठी एकही फेरी ठरलेली नसावी? (मोबदला न देता त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर टाका, असं मी म्हणत नाही.) 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. म्हणजे कागद तयार आहे, फक्त फेरी कुणी मारायची ते ठरलेलं नाही. दर 10 सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, व्याख्यान होतं, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो झळकतात. त्यापेक्षा दवाखान्यातल्या एका माणसाला एक फोन आणि एक वही द्या.

तोवर तुमच्या ओळखीत कुणी असं घरी आलं असेल तर निमित्त काढून जा. तुम्हालाच तसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 फिरवा. रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

भाऊ यंदाच्या छाटणीत गुंतलाय. गोळ्या वर्षभर होत्या, आता बंद आहेत. तो पाना अण्णांनी अजून दिलेला नाही. भाऊ दर आठवड्याला मागायला जातो.