खपली चांगलीच आहे, पण तिच्या नावाने फिरणारे दावे खरे नाहीत

गव्हाच्या पेरणीचे दिवस जवळ आले की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजचा गहू प्रयोगशाळेत बनवलेला, संकरित आणि जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेला) आहे. मूळ गव्हात २८ गुणसूत्रं होती, शास्त्रज्ञांनी ती ४२ केली. या बुटक्या गव्हाला रासायनिक खतं-औषधं ओतल्याशिवाय पीक येत नाही. खपलीत, म्हणजे टरफल घट्ट असलेल्या जुन्या गव्हात, ग्लूटेन (कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन) नसतं. म्हणून शाश्वत शेती करायची तर सुधारित वाण सोडा. रसायनं कमी करू पाहणारे प्रामाणिक शेतकरी यावर विश्वास ठेवून बियाणं ठरवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गुणसूत्रांचा दावा आधी निकालात काढू. खपली आणि बन्सी (कठीण दाण्याचा गहू) या गव्हांत २८ गुणसूत्रं असतात आणि आपल्या चपातीच्या गव्हात ४२, हे खरं. पण ती ४२ कुणा शास्त्रज्ञाने केलेली नाहीत. साधारण ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा तिथल्या एका रानगवताशी शेतातच आपोआप संकर झाला आणि त्यातून हा गहू जन्मला. सोनामोती किंवा पैगंबरी म्हणून विकला जाणारा गोल दाण्याचा ‘प्राचीन’ गहूसुद्धा ४२ गुणसूत्रांचाच आहे.

आता संकरित आणि जीएम. भारतात जीएम गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान हे आपल्याकडचे वाण निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून आले आणि ते सगळे सरळ वाण, म्हणजे पेरले की पुन्हा तसेच उगवणारे, आहेत. गव्हाचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं. त्यामुळे नवा वाण काढायला दोन वाणांचा संकर करायचा तर ओंबीतल्या प्रत्येक फुलातले तीन परागकोश चिमट्याने उपटून काढावे लागतात, ओंबीवर कागदी पिशवी चढवावी लागते आणि योग्य वेळी दुसऱ्या वाणाचा पराग आणून झटकावा लागतो. त्यानंतर कित्येक पिढ्या निवड करत गेल्यावर वाण स्थिर होतो. म्हणूनच त्याचं बियाणं घरी धरता येतं. भेसळीची झाडं आणि रोगट ओंब्या वेळेवर काढल्या तर पुढच्या वर्षी तोच गहू उगवतो. दरवर्षी दुकानात जायला लावणारं बियाणं हे नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा खताचा आहे. बुटकेपणाची जनुकं जपानच्या नोरिन १० या वाणातून आली. अमेरिकन गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत ती वापरली आणि १९६६ मध्ये आपण १८,००० टन बियाणं तिथून आणलं. उंच गव्हाला जरा जास्त नत्र मिळालं की तो लोळायचा, म्हणजे आडवा पडायचा. बुटका लोळत नाही, म्हणून तो जास्त खत पचवतो. इथवर खरं आहे. पण ‘जास्त खत पचवतो’ म्हणजे ‘खताशिवाय पिकत नाही’ असं नव्हे. बुटका गहू काडात घालायचं ते दाण्यात घालतो, आणि हा गुण खत कमी असतानाही त्याच्याबरोबरच राहतो. जर्मनीत पश्चिम युरोपातल्या पन्नास वर्षांतले १९१ वाण कमी आणि भरपूर अशा दोन्ही तऱ्हेच्या खत-औषधांवर पेरून पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये आले. खत कमी, बुरशीनाशक नाही, अशा प्लॉटमध्येही नवे वाण जुन्यांना सरस ठरले. तिथली थंडी आणि जमीन वेगळी, हे मान्य. पण दावा सरसकट केला जातो आणि सरसकट तो टिकत नाही.

एका ठिकाणी मात्र जुन्या जाणत्या शेतकऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. जिरायतात ओल गाठायला बी खोल पेरावं लागतं आणि या बुटक्या वाणांचा कोंब आखूड असल्याने तो तेवढ्या खोलीवरून वर येत नाही. म्हणून कोरडवाहू रानात उंच बन्सी टिकून राहिला. जिरायतासाठी पंचवटी, एखाद्या पाण्यावर येणारा नेत्रावती हे वाण याच गरजेतून पैदास केले गेले.

दाण्यातल्या खनिजांबद्दलही आक्षेप आहे आणि तोही खोटा नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ पासून चालू असलेल्या ब्रॉडबॉक प्रयोगातल्या जुन्या दाण्यांची तपासणी केली तेव्हा दिसलं की बुटके वाण आल्यानंतर जस्त आणि लोह घटलं. त्यावर उपायही पैदासकारांनीच शोधला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा जिरायत बन्सी गहू १४.७ टक्के प्रथिनं आणि भरपूर जस्त-लोह देतो.

ग्लूटेनबद्दल स्पष्टच लिहितो, कारण इथे जिवाशी खेळ आहे. खपलीत ग्लूटेन असतं. त्याचा पोत वेगळा असल्याने कणीक कमी ताणली जाते, एवढंच. सिलिॲक आजार (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) असलेल्या मुलाला ‘हा चालतो’ म्हणून खपलीची खीर देऊ नका.

राहिला शेवटचा दावा, की शाश्वत शेती आणि वाण-पैदास यांचं जमत नाही. सेंद्रिय शेतीवाले ज्यांना गुरुस्थानी मानतात ते अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवण्याआधी बिहारमधल्या पुसा इथे गहू-पैदासकार होते. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण काढले. फवारणी करायची नसेल तर तांबेरा हा बुरशीचा रोग रोखण्याची ताकद बियाण्यातच हवी, आणि ती पैदाशीतूनच येते. खुद्द खपलीने या कामात जगाला मोठी मदत केली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तांबेऱ्याच्या जाती ओळखायला जो गव्हांचा संच वापरत, त्यात आपली खपली होती. तिच्यातलं एसआर१३ हे जनुक युगांडातून पसरलेल्या यूजी९९ तांबेऱ्यालाही दाद देत नाही. आणि खपली लोळते म्हणून आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ ही बुटकी खपली काढली. म्हणजे खपली लावणाऱ्यालाही पैदासकार लागतोच.

खपली जरूर लावा. तिचं टरफल मळणीत सुटत नाही, वेगळं भरडून काढावं लागतं, त्याचा खर्च धरून भाव मिळत असेल तर ते चांगलं पीक आहे. पण रसायनं कमी करायची म्हणून रोगप्रतिकारक वाण सोडू नका. आणि कुणाकडे काही मागायचंच असेल तर कृषी विद्यापीठांकडे मागूया: वाणांच्या बहुतेक चाचण्या शिफारशीत खतमात्रेवर होतात, त्या नुसत्या शेणखतावरच्या प्लॉटमध्येही घ्या, आणि तिथे कोणता वाण किती उतरला त्याचे आकडे पेरणीआधी मराठीत आमच्या हातात द्या.