पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

गेल्या महिन्यात अण्णांची स्कूटर नाशकात रविवार कारंज्यावर एका उभ्या रिक्षाला घासली. कुणाला लागलं नाही. रिक्षावाल्याने पाचशे रुपये घेतले आणि "काका, सावकाश" म्हणून सोडून दिलं. पण घरच्या ग्रुपवर दोन दिवस रणकंदन. चुलतभावाचं मत, साठीनंतर लायसन्सच देऊ नये. अण्णा ७३ वर्षांचे. त्यांनी एकच ओळ टाकली: "माझा फिटनेस बघता, खोदलेल्या रस्त्याचा कोण बघणार?" सिंहस्थाच्या कामांनी वैतागलेल्या नातेवाइकांनी त्यावर भराभर अंगठे दिले.

मी इकडे जपानमध्ये नागोयाजवळ बसून गप्प. कारण तीन वर्षांपूर्वी अण्णांचं लायसन्स मीच रिन्यू करून घेतलं होतं. पंचावन्न उलटल्यावर आपल्याकडे ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि चाळिशीनंतर त्याला फॉर्म १-ए जोडायचा, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. तो फॉर्म एकदा वाचाच. लाल-हिरवा रंग ओळखतो का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट दिसते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का. प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत. मी इथून एका एजंटला पैसे पाठवले आणि अण्णांना न बघताच सही-शिक्का झाला. त्यांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. आईने सांगितलंही होतं. "ऑपरेशन होईलच ना," असं म्हणून मी फोन ठेवला होता.

खाजगी गाडीलासुद्धा पंधरा वर्षं झाली की आरटीओत नेऊन दाखवावं लागतं. अण्णांना कुणी पाहिलंच नाही.

जपानमध्ये सत्तरीनंतर रिन्यू करताना वर्गात बसावं लागतं, डोळे तपासतात, गाडी चालवून दाखवायला लावतात. ७५ नंतर स्मरणशक्तीची परीक्षा: १६ चित्रं दाखवायची, मध्ये दुसरंच काम द्यायचं, मग आठवतील ती लिहायला सांगायची. आजची तारीखही विचारतात. (मला शुक्रवारी संध्याकाळी ती सांगता येईल याची खात्री नाही.) २०१९ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. त्याला इथे 'मेन्क्यो हेन्नो' म्हणतात.

आमच्या शेजारच्या आजोबांनीही केलं. बदल्यात त्यांना एक कार्ड मिळालं. ते दाखवलं की बसला, टॅक्सीला थोडी सवलत. ओळखपत्र म्हणूनही चालतं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. माणसाच्या खिशातून काहीतरी काढून घेताना त्या जागी काहीतरी ठेवलं. तरी आजोबांचा खेड्यातला भाऊ अजून गाडी चालवतो, कारण तिकडे बसच येत नाही. म्हणजे इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही.

त्यामुळे चुलतभावाचा वयाचा निकष मला पटत नाही. हेल्मेटशिवाय कानाला मोबाइल लावून जाणारा पंचविशीतला पोरगा अण्णांपेक्षा फिट कसा? २०२१ मध्ये नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' झालं, तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरणारे याच वयाचे होते. डॉक्टरांपुढचा फॉर्म आणि पंपावरचं हेल्मेट, दोन्हीकडे आपण फक्त दाखवण्यापुरतं पाळतो. त्यात मीही आलो.

आणि अण्णांनी स्कूटर सोडली तर पंचवटीतून पूल ओलांडून भाजीला जायचं कसं? एसटी पंचाहत्तरीनंतर फुकट आहे, पण ती भद्रकालीत भाजी घ्यायला नेत नाही. सिटीलिंकच्या शहरबसमध्ये चढताना दुसरा पाय वर येईपर्यंत बस हलते, ही त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही.

दिवाळीत येतोय. मोतीबिंदू काढून झालाय, तरी टेप घेऊन गल्लीत २५ मीटर मोजायचं आणि अण्णांना शेजाऱ्यांच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला लावायची, असं ठरवलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी तू चष्मा न पुसता वाचून दाखव."