‘अमेरिकेतल्या दहा जणांनी ठरवलं म्हणून?’ तंबाखूवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

लातूर, धाराशिव, बीडकडच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. भाऊबंदांच्या गटात आला, खत-बियाण्यांच्या गटात आला, आणि एका निवृत्त गुरुजींनी ‘विचार करायला लावणारी माहिती’ म्हणून पुढे ढकलला. तर विचार करूच.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. सिगारेटने कॅन्सर होतो हे 1964 साली अमेरिकन सरकारच्या दहा जणांच्या समितीने बसल्या बैठकीला ठरवलं, स्वतः एकही प्रयोग केला नाही. भारतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आपले आजे-पणजे बिड्या ओढून नव्वदीला गेले. खरा कॅन्सर फवारणीचा आहे. ओढायचीच तर लाइट ओढा, ती अमेरिकन सरकारनेच शोधून दिलीय. आणि उतारवयात सोडू नका, शरीराला झटका बसतो.

‘दहा जणांनी बसल्या बैठकीला ठरवलं’

दहा हा आकडा बरोबर आहे, सालही बरोबर आहे. बाकी सगळा लपवाछपवीचा मामला.

समिती नेमली सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी. सर्जन जनरल म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा सार्वजनिक आरोग्यावर बोलणारा सर्वांत वरचा डॉक्टर. आधी सुमारे दीडशे नावांची यादी काढली. ती वैद्यकीय संघटनांसमोर ठेवली तशी तंबाखू कंपन्यांच्या संघटनेसमोरही ठेवली. ज्या नावावर कुणाचाही आक्षेप, ते नाव बाद. या विषयावर आधी जाहीर मत दिलेला माणूसही बाद. उरलेल्यांतून दहा निवडले, आणि त्यातले निम्मे स्वतः धूम्रपान करणारे होते. आपल्याकडे सोसायटीची साधी चौकशी लागली तरी समोरच्या पार्टीला पंच निवडायची एवढी मोकळीक कुणी देत नाही.

नोव्हेंबर 1962 ला काम सुरू झालं आणि 11 जानेवारी 1964 ला अहवाल बाहेर आला. मुद्दाम शनिवार निवडला, कारण त्या दिवशी शेअर बाजार बंद असतो. मधल्या काळात या लोकांनी 7000 हून जास्त शोधनिबंध चाळले.

स्वतः प्रयोग केले नाहीत, हे खरं. ते त्यांचं काम नव्हतंच. जगभर झालेलं काम तपासून सरकारला सल्ला देणं एवढंच त्यांच्याकडे होतं, आणि तपासायला भरपूर होतं. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी 1950 मध्येच दवाखान्यातल्या रुग्णांची तुलना करून सिगारेटकडे बोट दाखवलं होतं. 1951 पासून त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी लिहून घेतल्या आणि कोण कशाने जातो याची नोंद ठेवत राहिले. 1953 मध्ये अमेरिकेत उंदरांच्या पाठीवर सिगारेटच्या धुरातलं डांबर लावून गाठी उठवून दाखवल्या गेल्या. म्हणजे प्रयोगही होता. शवविच्छेदनात धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकांमधल्या पेशी बदललेल्या दिसत होत्या. शिवाय माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे सात मोठे अभ्यास, मिळून 11 लाखांहून जास्त पुरुष. त्यांतून निघालं ते असं: सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या 9 ते 10 पट, खूप ओढणाऱ्याला निदान 20 पट.

समितीने शब्दही जपून वापरले. कार्यकारणसंबंध ठामपणे सांगितला तो फक्त पुरुषांबाबत. बायकांबद्दल म्हटलं की माहिती कमी आहे, पण कल त्याच दिशेचा आहे. ज्यांना आधीच ठरवलेलं मांडायचं असतं ते असं लिहीत नाहीत.

‘माणसांवर प्रयोग का नाही केला’ असं विचारणाऱ्यांनी तो प्रयोग कसा करायचा तेही सांगावं. शंभर पोरं धरून वीस वर्षं रोज वीस सिगारेटी ओढायला लावायच्या? कुणाची पोरं?

त्या काळी एक मोठा माणूस मात्र खरोखर विरोधात होता. रोनाल्ड फिशर, संख्याशास्त्राच्या बापमाणसांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं की ज्या जनुकांमुळे माणसाला सिगारेटची ओढ लागते त्याच जनुकांमुळे कॅन्सरही होत असेल, सिगारेट बिचारी मध्येच सापडते. तर्क म्हणून मस्त आहे. पण तसं असतं तर सिगारेट सोडल्यावर धोका कमी व्हायला नको होता, कारण जनुकं तर तीच राहतात. धोका कमी होतो, हे डॉक्टरांच्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते, हे जाता जाता.

फॉरवर्डमधली ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ ही भाषा कुठून येते, हेही सांगून ठेवतो. 4 जानेवारी 1954 ला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापलं: लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, कॅन्सरचं कारण सिगारेट आहे असा पुरावा नाही, आम्ही संशोधनाला मदत करू. 1969 च्या एका कंपनीच्या आतल्या टिपणात तर स्वच्छ लिहिलेलं सापडलं की शंका हाच आपला माल आहे. 2006 मध्ये अमेरिकेच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी दशकानुदशकं जनतेची फसवणूक केली असा निकाल दिला. माल अजून खपतोय, फक्त आता तो आपणच एकमेकांना फुकट वाटतो.

‘भारतात कुणी सिद्ध केलेलं नाही’

हा मुद्दा गावातल्या अडाण्याचा समजू नका. 2015 मध्ये पाकिटावरचं चित्र मोठं करायचा नियम आला तेव्हा संसदेच्या एका समितीचे अध्यक्ष, नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी हेच म्हटलं होतं: अभ्यास सगळे परदेशातले, भारतातले नाहीत. त्याच समितीत बिडीचा मोठा धंदा असलेले एक खासदारही होते. नियम वर्षभर लांबला. पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारा इशारा 1 एप्रिल 2016 ला आला.

खरं तर 1955 सालीच संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या रुग्णांवरून बिडी ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला होता. अमेरिकन समितीच्या नऊ वर्षं आधी, आणि तोही आपल्या सवयींवर. 2008 मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या 11 लाख घरांच्या पाहणीतून हिशेब मांडला: बिडी ओढणारा पुरुष सरासरी 6 वर्षं लवकर जातो, बिडी ओढणारी बाई 8 वर्षं, सिगारेट ओढणारा पुरुष 10 वर्षं. दिवसाला एक ते सात बिड्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘कधीमधी’ म्हणतात, तेवढ्यानेही मृत्यूचा धोका चौथाईने वाढलेला होता.

आणि अगदी दारातलं बघायचं तर बार्शीची कर्करोग नोंदणी. 1987 पासूनची, देशातली ग्रामीण भागातली पहिली. बार्शी तालुका सोलापुरात, पण नोंदणीत पहिल्यापासून धाराशिवचे भूम आणि परंडा तालुकेही आहेत. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण शोधतात, कारण आपला माणूस दवाखान्यात आपण होऊन जातो तेव्हा उशीर झालेला असतो. मराठवाड्याचे आकडेच नाहीत असं म्हणणाऱ्याने परंड्याचा रस्ता धरावा.

‘आज्जा नव्वदीला गेला’

गेला असेल. त्याला खोटं कोण म्हणतंय? ब्रिटनमधला 2000 साली प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो की सिगारेट ओढत राहिलेल्या 100 पुरुषांपैकी पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने साधारण 16 जातात. म्हणजे 84 जण त्या एका आजाराने जात नाहीत. तुमचा आज्जा त्या 84 मधला. त्याच्याबरोबर पारावर बसून ओढणारे, पन्नाशीत छाती धरून किंवा खोकून गेलेले, त्यांची गोष्ट सांगायला नातू फॉरवर्ड लिहीत नाही.

‘खरा कॅन्सर फवारणीचा’

कापसावर, द्राक्षावर, भाजीपाल्यावर उघड्या तोंडाने फवारणाऱ्याला धोका आहेच. काही कीटकनाशकं कॅन्सरकारक ठरली आहेत, त्यावर बोललंच पाहिजे. पण पंपाचा धोका दाखवून पुडीचा धोका पुसता येत नाही. दोन्ही करणाऱ्याला दोन्ही आहेत.

‘लाइट सरकारनेच शोधून दिली’

इथे मजकुरात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणून थोडं सविस्तर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1968 मध्ये खरोखरच एक गट बसवला होता, ‘कमी घातक सिगारेट’ शोधण्यासाठी. लोक सोडत नाहीत तर निदान धूर तरी सौम्य करू, हा हेतू. त्या गटात तंबाखू उद्योगातली माणसंही बसत. 1977 च्या सुमारास तो गुंडाळला गेला. तोवर बाजारात कमी डांबराच्या सिगारेटींचा पूर आला होता आणि कंपन्या सोडू पाहणाऱ्यांना त्याच विकत होत्या.

पुढे काय निघालं? फिल्टरला बारीक छिद्रं असतात. तपासणीचं यंत्र ठरावीक झुरका घेतं, छिद्रांतून हवा मिसळते, डांबर कमी भरतं. माणूस यंत्र नाही. निकोटिन कमी पडलं की तो लांब झुरका घेतो, बोटांनी छिद्रं दाबतो, दोनाच्या जागी तीन पेटवतो. 2001 मध्ये त्याच संस्थेने सगळा पुरावा मांडून सांगितलं की या सिगारेटींनी लोकांच्या आरोग्याला फायदा झाल्याचं दिसत नाही. सरकारी सल्लागार चुकू शकतात याचं हे उत्तम उदाहरण आहे, माझी तक्रार नाही. पण चूक कोणत्या बाजूला झाली ते बघा: सिगारेटला नको तेवढं झुकतं माप दिलं गेलं. भारतात पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे दिशाभूल करणारे शब्द छापायला मनाई आहे, तरी टपरीवर मागणारे त्याच नावाने मागतात.

सरकारला धरायचंच असेल तर इथे धरा. 1975 चा आपला इशाऱ्याचा कायदा फक्त सिगारेटपुरता होता. बिडीचा कट्टा 2003 च्या कायद्यापर्यंत मोकळा राहिला. बिडीवरचा करही सिगारेटपेक्षा कायम हलका. आणि महाराष्ट्राचं चित्र काय? 2016-17 च्या पाहणीत मोठ्या माणसांपैकी ओढणारे 3.8 टक्के, तर खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के. आपल्याकडे जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस बहुतेक वेळा सिगारेटवाला नसतो, चुना मळून बार भरणारा असतो. फॉरवर्डमध्ये अमेरिका आहे, सिगारेट आहे, आज्जाची बिडी आहे. मळलेल्या तंबाखूवर एक ओळ नाही. पहाटे मिश्रीचं बोट फिरवणाऱ्या आईवर तर नाहीच.

‘उतारवयात सोडू नका, झटका बसतो’

हा मजकुरातला सर्वांत घातक भाग, कारण हे ऐकून सोडायला निघालेला माणूस थांबतो. ‘सोडली आणि सहा महिन्यांत गेला’ असं गावात दिसतं खरं. बहुतेकदा तो आजारी पडला म्हणून डॉक्टरने सोडायला लावलेली असते. आजार आधीचा असतो. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, पोट साफ न होणं हे काही दिवस ते काही आठवडे चालतं. त्रास होतो, जीव जात नाही.

वर 100 पैकी 16 चा जो हिशेब दिला, त्याच अभ्यासात साठीत सोडणाऱ्यांचा आकडा 10 वर येतो, पन्नाशीत सोडणाऱ्यांचा 6, चाळिशीत 3, तिशीत 2 च्या आत. बिडी, सिगारेट, पुडी, काहीही सोडायचं असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, गिळताना अडकणं, आवाज बसून तीन आठवडे तसाच राहणं, यातलं काही असेल तर फॉरवर्ड बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.